मॉड, हँडहेल्ड आणि ॲक्सेसिबिलिटी: पीसी गेमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसमध्ये स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रावर खेळत बसलो होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, “एवढा मोठा मोबाइल कशाला घेतलास?” मोबाइल नाही काका, कॉम्प्युटर आहे, असं म्हटलं तर म्हणाले, “मग कीबोर्ड कुठाय?” मी गप्प. तेव्हापासून जे प्रश्न सारखे येतात ते एका जागी लिहून ठेवायचे ठरवले. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

मॉड म्हणजे नक्की काय? चीट आणि मॉड एकच का?

नाही. मॉड म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या कुणीतरी त्या गेममध्ये केलेला बदल. घोड्याचा रंग बदलला तरी मॉड, आणि जुन्या गेमवर नवं शहर, नवी पात्रं आणि तीस तासांची नवी कथा उभी केली तरी मॉडच.

याची वाट १९९३ च्या ‘डूम’ने रुंद केली. गेम चालवणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि नकाशे, चित्रं, आवाज ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, अशी त्याची मांडणी होती. त्यामुळे प्रोग्रॅमला हात न लावता कुणालाही स्वतःचे नकाशे घालता येत. १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाणही, खुला झाला. आज ‘डूम’ कुठल्या यंत्रावर चालवून दाखवला याच्या बातम्या येतात, त्याचं मूळ या दोन निर्णयांत आहे.

चीटचा मुद्दा वेगळा आहे. एकट्याने खेळायच्या गेममध्ये तुम्ही अमर झालात तर कुणाचं काही बिघडत नाही. ऑनलाइन गेममध्ये समोर माणूस बसलेला असतो. तिथे निरुपद्रवी मॉडमुळेही अकाउंट बंद होऊ शकतं, कारण अँटी-चीटला, म्हणजे चीट पकडणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमचा हेतू कळत नाही, बदललेली फाइल तेवढी दिसते.

मॉडमधून खरंच मोठे गेम निघालेत का?

भरपूर. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्वने (‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी) तो विकत मिळणारा गेम म्हणून काढला. ‘टीम फोर्ट्रेस’ १९९६ मध्ये ‘क्वेक’चा मॉड होता. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’चा नकाशा. ‘आर्मा २’वर ‘डेझी’ हा मॉड आला, त्यावर ब्रेंडन ग्रीन यांनी बॅटल रोयालचा मॉड केला, आणि त्याच वाटेने २०१७ मध्ये पबजी आला. म्हणजे शेवटचा एक उरेपर्यंत मारामारी हा खेळप्रकार मॉडवरच्या मॉडमधून जगभर गेला.

मला स्वतःला ‘द फरगॉटन सिटी’ची गोष्ट जास्त आवडते. ‘स्कायरिम’चा हा मॉड २०१५ मध्ये आला, त्याच्या लेखनाला ऑस्ट्रेलियातल्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम झाला. गोळीबार नाही, स्पर्धा नाही, निव्वळ लिखाणाच्या जोरावर.

कंपनीच्या चुका चाहते फुकटात का दुरुस्त करत बसतात?

मुख्य कारण चीड. दुसरं कारण प्रेम, पण पहिल्याशिवाय दुसरं कामाला लागत नाही.

२०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ पीसीवर आला. सेटिंग्जमध्ये रिझोल्युशन कितीही ठेवा, आतल्या आत चित्र १०२४ × ७२० वरच बनायचं आणि मग ताणून पडद्यावर यायचं. ड्युरांटे या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने ‘डीएसफिक्स’ नावाचा मॉड गेम आला त्याच दिवशी बाहेर काढला आणि ती मर्यादा उठवली. पुढे अनेक वर्षं तो गेम घेणाऱ्याला पहिला सल्ला हाच मिळायचा: आधी डीएसफिक्स टाक, मग गेम उघड. ड्युरांटे नंतर पीसी पोर्ट करण्याच्या, म्हणजे दुसऱ्या यंत्रांवरचे गेम पीसीवर आणण्याच्या, व्यवसायातच उतरला.

‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ची गोष्ट तर ऐकून हसावं की रडावं कळत नाही. २०१३ चा हा गेम शत्रूंच्या मंद वागण्यामुळे बदनाम झाला. एलियन म्हणजे काय, तर सरळ रेषेत धावत येणार आणि गोळ्या खाणार. २०१८ मध्ये बातमी पसरली की एका मॉडरला सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये शुद्धलेखनाची चूक सापडली आहे. ‘टेदर’ या शब्दात एक ‘ए’ जास्तीचा पडला होता. एलियनला जागा पकडणं, बाजूने येणं वगैरे जमवून देणारा भाग याच नावाने हाक मारली की जागा व्हायचा. नाव चुकलं, हाक पोचलीच नाही. नोटपॅडमध्ये ते अक्षर खोडलं की एलियन जरा शहाण्यासारखे वागू लागतात. एका अक्षराने सगळा गेम सुधारला असं मात्र समजू नका, त्याचे बाकीचे रोग होतेच.

आणि २०२१ चं ‘जीटीए ऑनलाइन’ प्रकरण. गेम उघडायला काही जणांना सहा-सहा मिनिटं लागत, आणि हे वर्षानुवर्षं चाललं होतं. टोस्ट या टोपणनावाच्या एकाने शेवटी प्रोसेसर त्या वेळात नेमकं काय करतो ते तपासलं. आत सुमारे १० एमबीची एक मजकुरी फाइल निघाली: गेममधल्या दुकानात विकत मिळणाऱ्या जवळपास ६३,००० वस्तूंची यादी. ती वाचताना प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीनंतर उरलेल्या अख्ख्या फाइलची लांबी पुन्हा मोजायचा. वर, प्रत्येक वस्तू यादीत आधी आहे का हे बघायला पहिल्यापासून सगळी यादी चाळायचा. हिशेब मांडला तर १९८ कोटींच्या आसपास तुलना होतात. त्याने दोन्ही गोष्टींना आडवाट काढली आणि सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ते मान्य केलं, त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं आणि मार्चमध्ये अधिकृत अपडेटही काढलं.

या तिन्ही ठिकाणी बाहेरच्या माणसाला फाइल उघडता आली. बंद डब्यात हे झालं नसतं.

गेम अपडेट झाला की माझे मॉड का मोडतात?

मोठे मॉड बऱ्याचदा गेमच्या प्रोग्रॅममधल्या ठरावीक जागेवर टेकू लावून उभे असतात. ‘स्कायरिम’चा स्क्रिप्ट एक्स्टेंडर (बाकीच्या मॉडना जादा ताकद देणारा प्रोग्रॅम) हे नेहमीचं उदाहरण. मेमरीत अमुक पत्त्यावर अमुक काम चालतं हे गृहीत धरून तो चालतो. कंपनीने पाच ओळी बदलून प्रोग्रॅम पुन्हा बांधला की पत्ते सरकतात, आणि मॉड रिकाम्या घराची बेल वाजवत बसतो.

‘फॉलआउट: लंडन’च्या टीमला हे फार महागात पडलं. ‘फॉलआउट ४’वर उभा केलेला हा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ ला येणार होता. मूळ गेमचं मोठं अपडेट २५ एप्रिलला येणार असं जाहीर झालं. सगळं पुढे ढकलावं लागलं, मॉड जुलैत आला, आणि तो खेळण्यासाठी बऱ्याच लोकांना गेम उलटा जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला.

तुम्ही करायचं एवढंच. स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘गेम सुरू केल्यावरच अपडेट’ हा पर्याय ठेवा आणि गेम स्क्रिप्ट एक्स्टेंडरमधून उघडा. मॉड ऑर्गनायझरसारखं साधन वापरलंत तर मॉडच्या फाइल मूळ फोल्डरमध्ये मिसळत नाहीत, फक्त खेळताना तिथे असल्याचा भास निर्माण केला जातो. बिघडलं तर मूळ गेम जसाच्या तसा.

आणि अर्धा गेम खेळून झाल्यावर मॉड काढू नका. मी ऐंशी तासांच्या सेव्हमधून (जतन केलेल्या खेळातून) एक ‘छोटासा’ हवामानाचा मॉड काढला होता. पाऊस थांबला, पण त्याबरोबर एका गावातली माणसंही हलेनाशी झाली. सेव्हमध्ये त्या मॉडचे धागे राहिले होते. मॉडच्या माहितीत ‘मध्येच काढू नये’ असं ठळक लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

मॉडमधून व्हायरस येऊ शकतो का?

येऊ शकतो आणि आलेला आहे. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा मालवेअर पसरला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ‘स्ले द स्पायर’च्या ‘डाउनफॉल’ या नावाजलेल्या मॉडच्या टीमची अकाउंट हॅकरने ताब्यात घेतली आणि थेट स्टीमवरून पासवर्ड चोरणारं अपडेट सोडलं. म्हणजे जागा भरवशाची आणि मॉडही भरवशाचा, तरी फटका बसला.

चित्रं, आवाज, नकाशे बदलणाऱ्या मॉडमध्ये धोका कमी. ज्यात डीएलएल, ईएक्सई किंवा जावाच्या जार फाइल असतात ते मॉड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा पूर्ण प्रोग्रॅम असतो. असा मॉड आल्या आल्या पहिल्याच दिवशी उतरवायची घाई मी करत नाही. चार लोक आधी खेळू देत.

मॉड करणं कायदेशीर आहे का? कंपन्या कधी टाळ्या वाजवतात, कधी नोटीस पाठवतात, असं का?

कारण नियमापेक्षा मर्जी मोठी आहे. गेम उघडताना ज्या लांबलचक कराराला आपण डोळे झाकून ‘मान्य’ म्हणतो, त्यात कंपनीने बहुतेक हक्क स्वतःकडे ठेवलेले असतात. मग प्रत्येक घर आपापल्या पद्धतीने वागतं.

निन्टेन्डोचं घर कडक. ‘मेट्रॉइड २’ची चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेली नवी आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये पीसीवर आली आणि लगोलग नोटीस गेली. पुढच्या वर्षी त्याच गेमचा अधिकृत रीमेक आला तेव्हा नोटिशीचं कारणही उमगलं. टेक-टू ही जीटीएची मालक कंपनी. ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’चा कोड उलगडून पुन्हा लिहिणाऱ्यांवर तिने २०२१ मध्ये खटला भरला. दुसऱ्या टोकाला सेगा: तिने ‘सॉनिक’चे चाहत्यांचे गेम बनवणाऱ्यांनाच कामावर घेतलं आणि २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ करून घेतला. ‘स्कायरिम’वाल्या बेथेस्डाने एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ काढला, तेव्हा तोच गेम ‘स्कायरिम’मध्ये नव्याने उभारणाऱ्या ‘स्कायब्लिव्हियन’च्या स्वयंसेवकांना त्याच्या प्रती भेट दिल्या.

पैशाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचा तोल जातो. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमवर ‘स्कायरिम’चे मॉड विकायला परवानगी मिळाली. दुसऱ्याचं काम चोरून विकणारे पहिल्याच दिवशी हजर झाले, खेळाडू खवळले, आणि आठवड्याच्या आत योजना गुंडाळली गेली. माझं मत विचाराल तर मॉडरला पैसे मिळायला हवेत, पण स्वेच्छेने दिलेले. एकदा किंमत लावली की मॉडर एकमेकांच्या कामावर काम करणं थांबवतात, आणि मॉडची सगळी वाढ त्यावरच झालेली आहे.

विकत घेतलेला गेम कंपनी बंद करू शकते का?

सर्व्हरवर अवलंबून असेल तर हो. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ ला बंद केला, आणि त्यातला एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपातल्या तिच्या याचिकेला २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या मिळाल्या. मोहिमेची मागणी साधी आहे: सेवा थांबवताना गेम कसाबसा चालेल एवढी सोय मागे ठेवा. तोवर स्टीमने खरेदीच्या पानावर ‘तुम्ही परवाना घेत आहात’ अशी ओळ टाकली आहे. निदान खरं बोलले.

हातात धरायचा पीसी म्हणजे खरंच पीसी असतो?

काकांना मी हेच समजावत होतो. व्हॉल्वचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. आत एएमडीची चिप, १६ जीबी मेमरी, सात इंची १२८० × ८०० चा पडदा. टीव्हीला जोडा, कीबोर्ड-माउस लावा, हे उत्तर मी त्यावरच टाइप करू शकतो. हातात धरायचे पीसी त्याआधीही होते, जीपीडी विन तर २०१६ चा, पण डेकने ते हौशी लोकांच्या कपाटातून बाहेर काढले.

मग रांग लागली. २०२३ मध्ये असूसचा रॉग ॲलाय आणि लेनोवोचा लिजन गो, २०२४ मध्ये एमएसआयचा क्लॉ, ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं नाव लावलेला ॲलाय. दरम्यान नोव्हेंबर २०२३ मध्ये डेकला ओलेड पडदा आणि मोठी बॅटरी मिळाली.

त्यात विंडोज नाही म्हणतात. मग विंडोजचे गेम चालतात कसे?

दुभाषा असतो. डेकवर विंडोजऐवजी लिनक्सवर उभी केलेली व्हॉल्वची स्टीमओएस असते. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. त्याच्या पायावर व्हॉल्वने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणला. गेम म्हणतो, “डायरेक्टएक्स, हा त्रिकोण काढ.” प्रोटॉन ते वाक्य व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स भाषेत फिरवून पुढे देतो. गेमला पत्ताच लागत नाही की पलीकडे विंडोज नाही.

दुभाषा अडतो तो अँटी-चीटपाशी. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींनी २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेमवाल्यांच्या हातात ठेवलं. ‘फोर्टनाइट’ने चालू केलीच नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ने केली होती, ती २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी काढून घेतली. असे ऑनलाइन गेम हाच तुमचा जीव असेल तर विंडोजवालाच हँडहेल्ड घ्या, उगाच वाद घालू नका.

बॅटरी खरोखर किती चालते?

भागाकार करा. पहिल्या डेकची बॅटरी ४० वॉट-अवर. भारी गेममध्ये चिप, पडदा, पंखा मिळून २४-२५ वॉट खातात, म्हणजे तास-दीड तास आणि वर थोडं. ओलेड डेकची ५०. त्यावर हलकाफुलका गेम ८ वॉटमध्ये चालला तर सहा तास. रॉग ॲलाय एक्सने बॅटरी थेट ८० केली, ती लोक उगाच नावाजत नाहीत.

आता एक युक्ती. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ३० फ्रेम म्हणजे ३३.३. या दोन्हींच्या बरोबर मध्ये २५ मिलिसेकंद येतात, आणि ते होतात ४० फ्रेमला. म्हणजे ३० वरून फक्त १० फ्रेम वाढवल्या तरी ६० पर्यंतच्या सुधारणेचं अर्धं अंतर कापलं जातं, बॅटरी मात्र ६० एवढी जात नाही. पडदाही ४० किंवा ८० हर्ट्झवर न्यायला विसरू नका, नाहीतर चित्र अडखळतं. मी सगळे मोठे गेम असेच खेळतो.

मग नेमका कोणता घेऊ?

दुकानात हातात धरून बघा. आकड्यांची तुलना करून लोक दमतात आणि वजन बघायचं विसरतात. ओलेड डेक ६४० ग्रॅम आहे आणि लिजन गो ८५४. कागदावर फरक किरकोळ, झोपून खेळताना नाकावर पडला की कळतो. (अनुभव आहे.)

बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की झोपला, हे सुख हवं असेल तर स्टीमओएस. विंडोजवर झोपलेलं यंत्र वेळेवर उठेल आणि तेच बॅगेत मध्येच उठून तापणार नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. स्टीमओएससाठी आता डेकच घ्यायला हवा असंही नाही, मे २०२५ पासून लेनोवोचा लिजन गो एस स्टीमओएससकट मिळतो.

हँडहेल्डवर मॉड टाकता येतात का?

स्टीम वर्कशॉपवरचे (स्टीममधल्याच मॉडच्या साठ्यातले) असतील तर एका बटणाचं काम. बाकीच्यांसाठी डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये जावं लागतं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतो आणि ती ‘कॉम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाने ठेवतो. ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ची ४८९८३० या नावाखाली सापडेल. मॉडच्या सूचनेत ‘माय डॉक्युमेंट्समध्ये टाका’ लिहिलेलं असेल तर ते माय डॉक्युमेंट्स या आकड्याच्या आत आहे.

इथेच सेव्हही असतात. जागा मोकळी करण्याच्या भरात मी एक अनोळखी आकड्यांचा फोल्डर उडवला होता. गेम काढून टाकलेला आहे, मग हे कशाला हवंय, असा विचार करून. क्लाउड सेव्ह नसलेला जुना गेम निघाला. चाळीस तास.

ॲक्सेसिबिलिटी हा फक्त दिव्यांग खेळाडूंचा विषय आहे का?

ॲक्सेसिबिलिटी म्हणजे कुणालाही गेम खेळता यावा म्हणून दिलेल्या सोयी. सबटायटल्स लावून खेळता? बटणं बदलून घेता? मग तुम्ही ती वापरताच आहात. रात्री घरचे झोपल्यावर आवाज बंद करून खेळणारा आणि ऐकू न येणारा, दोघांनाही पावलांचा आवाज कुठल्या दिशेने आला ते पडद्यावर दिसायला हवं असतं. फरक एवढाच की पहिल्याला सोय हवी आहे आणि दुसऱ्याचा त्याशिवाय गेमच सुरू होत नाही.

हँडहेल्ड आल्यावर हे आणखी उघडं पडलं. २७ इंची मॉनिटरवर वाचता येणारी अक्षरं सात इंचांवर मुंग्या होतात. डेकवर ‘व्हेरिफाइड’ शिक्का हवा असेल तर अक्षराची उंची ९ पिक्सेलच्या खाली जाता कामा नये, अशी व्हॉल्वची अट आहे. कमी दिसणारे खेळाडू अक्षरं मोठी करा म्हणून कधीपासून ओरडत होते. धडधाकट डोळ्यांच्या लोकांना छोटा पडदा मिळाला तेव्हा ते ऐकू गेलं.

दिसत नसताना लोक व्हिडिओ गेम खेळतात तरी कसे?

कानाने, आणि बरेचदा मॉडच्या आधाराने.

काही कंपन्यांनी स्वतःच मनावर घेतलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये २०२० साली साठाहून जास्त ॲक्सेसिबिलिटी पर्याय होते, आणि २०२५ मध्ये तो पीसीवर आला. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अंध खेळाडूंसाठी आवाजाच्या खुणा आहेत: वळण कुठल्या बाजूला, किती दूर, तुम्ही रस्त्याच्या कडेला किती सरकलात, ब्रेक कधी दाबायचा. एकदा डोळे मिटून प्रयत्न केला. पहिल्याच वळणावर गवतात गेलो, तिसऱ्या फेरीला मात्र वळण ‘ऐकू’ आलं.

पण बहुतेक गेम असं काही देत नाहीत, आणि अडचण वाटते त्यापेक्षा साधी असते. अंध व्यक्ती कॉम्प्युटर वापरते ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. एनव्हीडीए हा त्यातला फुकट आणि खुला प्रोग्रॅम. वर्ड किंवा ब्राउझर त्याला सांगतो, “इथे हा मजकूर आहे, इथे हे बटण आहे.” गेम काहीच सांगत नाही. गेममधलं ‘नवा खेळ’ हे बटण स्क्रीन रीडरच्या लेखी नुसते रंगीत ठिपके असतात. म्हणून कित्येकदा लढाई राहिली बाजूला, माणूस पहिल्या मेन्यूतच अडकतो.

मॉडर नेमकी इथे खिडकी पाडतात. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा गेम. हातात पाच पत्ते, समोर राक्षस, त्याच्या डोक्यावर पुढच्या हल्ल्याचा आकडा. नीट पाहिलं तर हा सगळा मजकूरच आहे. ‘से द स्पायर’ हा मॉड तो मजकूर गेमच्या पोटातून उचलून स्क्रीन रीडरच्या हाती देतो. ‘हार्थस्टोन’साठी ‘हार्थस्टोन ॲक्सेस’ आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’साठी ‘स्टारड्यू ॲक्सेस’ आहे. त्यात शेतात चालताना पुढच्या चौकोनात दगड आहे की पाणी घातलेलं रोप, ते बोलून सांगितलं जातं. मॉडला टाइमपास समजणाऱ्यांना मी हे तीन मॉड दाखवतो.

एका हाताने किंवा हातात कमी ताकद असताना खेळता येतं का?

पीसीवर बहुधा हो, थोडी जुळवाजुळव करावी लागते. एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला आणि तो विंडोजवरही चालतो. वर बशीएवढी दोन मोठी बटणं, मागे साध्या हेडफोन पिनच्या १९ खाचा. प्रत्येक खाच म्हणजे गेमपॅडचं एक बटण किंवा ट्रिगर. पायाने दाबायचा स्विच तिथे, हनुवटीने हलवायची काठी बाजूच्या यूएसबी खाचेत, जे शरीराला जमेल ते जोडायचं.

पैसे न घालता सुरुवात करायची तर स्टीम इनपुट उघडा. कुठलंही बटण कुठेही नेता येतं, ‘दाबून धरा’चं ‘एकदा दाबा’ करता येतं, गेमला हे कळतही नाही. मनगटाला पट्टा बांधून दीड महिना काढला तेव्हा मी धावण्याचं बटण डेकच्या मागच्या बटणावर नेऊन एका दाबात चालू-बंद केलं होतं. पट्टा सुटला, सेटिंग तसंच आहे.

रंगांधळेपणाचा पर्याय लावूनही लाल-हिरव्यातला फरक का कळत नाही?

कारण बऱ्याच गेममध्ये तो पर्याय म्हणजे सगळ्या पडद्यावर फासलेला एक फिल्टर असतो. गवत जांभळं होतं, शत्रूची खूण गवतात तशीच हरवते. खूण कुठली आणि रंग कोणता हे खेळाडूला निवडू द्यावं, आणि रंगाच्या जोडीला आकार द्यावा: शत्रू त्रिकोण, मित्र गोल. काम एवढंच आहे.

सोपा मोड लावणं म्हणजे फसवणूक नाही का?

कुणाची? २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये असिस्ट मोड आहे. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी ५० पर्यंत उतरवता येतो. उडी तीच, दरी तीच, विचार करायला दुप्पट वेळ. ‘हेडीज’चा गॉड मोड त्याहून चलाख: सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो, आणि प्रत्येक मरणाबरोबर आणखी २ टक्के, कमाल ८० पर्यंत. जेवढं अडखळाल तेवढा गेम मऊ होतो. असे पर्याय नकोत म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: दुसऱ्याने पडद्यामागे कुठला आकडा बदलला याने तुमच्या पडद्यावर काय फरक पडला?

गेम घेण्याआधी त्यात माझ्या गरजेचे पर्याय आहेत का, हे कसं कळणार?

२०२५ पासून स्टीमवर गेमच्या पानावर ही माहिती दिसते आणि त्यानुसार शोधताही येतं. माहिती कंपनीनेच भरलेली असते, म्हणून ‘सबटायटल्स आहेत’ याचा अर्थ ‘वाचता येतील एवढी आहेत’ असा घेऊ नका. घेतल्याबरोबर सेटिंग्ज तपासा. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीम परत घेतं, पण लांबलचक सुरुवातीचा व्हिडिओही त्या दोन तासांत मोजला जातो.

मला मॉड बनवायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

आवडत्या गेमचा फोल्डर उघडा आणि आयएनआय नावाने संपणारी फाइल शोधा. ती नोटपॅडमध्ये उघडते. आत बरोबरचं चिन्ह (=) आणि पुढे आकडे दिसतील. एकच आकडा बदला, जतन करा, गेम चालू करून काय झालं ते बघा. काहीच झालं नाही तर दुसरा आकडा. पात्र जमिनीखाली गेलं, आकाश गुलाबी झालं, गेम उघडलाच नाही, तर तुम्ही योग्य फाइलमध्ये आहात. फक्त हात लावण्याआधी त्या फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.